वजनदार शरीरासाठी स्नानाची खुर्ची, हँड शॉवर आणि सीटखालचा जेट: नागपुरातील घरगुती वापराचे परीक्षण

हे परीक्षण तीन वस्तूंचे आणि त्या जिथून घेतल्या त्या दुकानाचे आहे. मेडिकल चौक परिसरातील सर्जिकल साहित्याच्या एका दुकानातून आम्ही मोठ्या भावासाठी स्नानाची खुर्ची, लांब नळीचा हँड शॉवर आणि कमोडच्या सीटखाली बसणारा जेट घेतला. दादाचे वजन दीडशे किलोच्या पुढे आहे, गुडघे झिजलेले आहेत आणि मधुमेहही आहे. हे सर्व लिहावे असा आग्रह त्याचाच होता. अतिस्थूल माणसाच्या स्वच्छतेचा प्रश्न अनेक घरांत असतो, परंतु त्यावर बोलणे सगळेच टाळतात, आणि ‘नीट आंघोळ करत नाही’ हा शेरा मात्र त्या माणसाला वारंवार ऐकावा लागतो.

तो शेरा अन्यायाचा आहे, हे येथे प्रथम नोंदवतो. अशा शरीराच्या अडचणी आळसातून येत नाहीत. हात पाठीपर्यंत, पावलांपर्यंत आणि शौचानंतर धुण्याच्या जागेपर्यंत पोहोचत नाही. ओल्या फरशीवर पाच-दहा मिनिटे उभे राहण्याची ताकद गुडघ्यांत नसते. आणि पोटाच्या घडीखाली, जांघेत, काखेत व छातीखाली कातडीवर कातडी टेकून राहिल्यामुळे घाम सुकत नाही, घर्षणाने त्वचा सोलवटते आणि त्या ओलसर उबेत कॅन्डिडासारखी बुरशी वाढते. डॉक्टर या विकाराला इंटरट्रिगो म्हणतात. मधुमेह असेल तर तो लवकर होतो आणि उशिरा बरा होतो. म्हणून वस्तू निवडताना आम्ही एकच कसोटी ठेवली होती: पोहोचणे, बसणे आणि कोरडे होणे यांपैकी नेमकी कोणती अडचण ही वस्तू दूर करते?

तिन्हींमध्ये सर्वांत उपयोगी ठरली ती खुर्ची, आणि निवडायला सर्वांत अवघडही तीच होती. दुकानांत सहज मिळणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या घडीच्या स्नानखुर्च्या बहुधा शंभर-एकशेदहा किलोपर्यंतच्या वजनासाठी असतात. हा आकडा खोक्यावर किंवा खुर्चीच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेला असतो. तो वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि तो कुठेच छापलेला नसेल तर ती खुर्ची घेऊ नये. घरातील प्लॅस्टिकची साधी खुर्ची मोरीत वापरण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. मात्र जड माणसाच्या भाराने तिचे पाय ओल्या फरशीवर बाहेर फाकतात आणि तशा पडण्यात खुब्याचे हाड मोडू शकते. आम्ही घेतलेली खुर्ची जाड नळ्यांची असून तिची मर्यादा दादाच्या वजनाहून बरीच अधिक आहे, आणि असे अंतर राखणे आवश्यक आहे, कारण बसताना माणूस शेवटच्या क्षणी धपकन टेकतो व तेव्हाचा भार वजनकाट्यावरील आकड्यापेक्षा जास्त असतो.

वजनाच्या मर्यादेइतकाच महत्त्वाचा आहे बैठकीचा आकार. या खुर्चीची बैठक समोरून अर्धगोलाकार कापलेली आहे, त्यामुळे न उठता खालून हात किंवा शॉवर नेऊन जांघ व गुह्यांग धुता येते. अखंड बैठकीच्या खुर्चीवर या भागांसाठी पुन्हा उभे राहावे लागते आणि मग खुर्ची घेण्याचा मुख्य हेतूच फसतो. हातांच्या दांड्या काढता येतील अशा असाव्यात: उठताना त्यांचा आधार लागतो, परंतु त्या कायमच्या जोडलेल्या असतील तर दोन दांड्यांमधील रुंदी मांड्यांना पुरत नाही. पायांची उंची खाचांनी वाढवता येते. दोन्ही पावले जमिनीवर सपाट टेकतील आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित खाली राहतील अशी ती लावली की उठणे पुष्कळ सोपे होते.

उणिवाही आहेत. नळ्या अ‍ॅल्युमिनियमच्या असल्या तरी स्क्रू साध्या लोखंडाचे निघाले आणि आमच्या मानेवाड्याकडील बोअरच्या जड पाण्याने ते लवकर गंजले. आम्ही ते स्टेनलेस स्टीलचे बसवून घेतले. पायांची रबरी टोपणे झिजतात. ती सुटी मिळतात का, हे खरेदीच्या वेळीच विचारावे. बैठकीवर पाणी निथळण्याची छिद्रे आहेत, पण त्यांच्या कडा धारदार आहेत आणि सोलवटलेल्या त्वचेला टोचतात, म्हणून आम्ही त्यावर एक पंचा घालतो. किंमत साध्या खुर्चीच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही तीत वाचवण्यासारखे काही नाही, असे माझे ठाम मत आहे.

हँड शॉवरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नळी दीड मीटरपेक्षा लांब हवी आणि मुठीवर बंद-चालू करण्याचे बटण हवे, एवढेच. नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र एक काळजी घ्यावी लागते. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि गच्चीवरील टाकीतले पाणी दुपारी इतके तापते की लाल झालेल्या त्वचेवर ते सोसवत नाही. दादाच्या पावलांची संवेदना मधुमेहामुळे कमी झाली असल्याने भाजल्याचे त्याला लगेच कळणारही नाही. त्यामुळे आंघोळ सकाळी लवकर उरकतो आणि संध्याकाळी घड्या धुवायच्या असतील तर माठाशेजारी भरून ठेवलेल्या बादलीतील पाणी वापरतो.

सीटखालच्या जेटने दादाला स्वावलंबन परत दिले, आणि त्याचे मोल पैशांत मांडता येणार नाही. आपल्याकडे घरोघरी असलेला हातातला जेट स्प्रे चांगलाच आहे, परंतु तो नेमक्या जागी धरण्यासाठी हात मागे किंवा पायांमधून न्यावा लागतो, आणि अडचण तिथेच असते. या जेटची तोटी कमोडच्या आत मागील बाजूस स्थिर असते आणि बाजूचा खटका फिरवला की धार आपोआप योग्य जागी पोहोचते. वीज लागत नाही. दाब मात्र लागतो: टाकी बाथरूमच्या छतापासून जेमतेम मीटरभर उंच असेल, तर धार मंद पडते आणि वरच्या मजल्यावरील घरांत हा प्रश्न हमखास येतो. कमोड भिंतीला टांगलेला नसून जमिनीवर बसवलेला असावा आणि सीट जाड असावी, हेही येथेच सांगून ठेवतो. आधारासाठी टॉवेलची दांडी धरू नये. विटांच्या भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा पकडदांडा वेगळा घ्यावा.

धुण्यापेक्षा कोरडे करणे अधिक महत्त्वाचे आहे आणि त्यासाठी दुकानातून फारसे काही घ्यावे लागत नाही. वहिनी आणि मी मिळून घडी हलक्या हाताने उचलतो, मऊ सुती कापडाने न घासता टिपतो आणि नंतर केस वाळवण्याच्या यंत्राची गार हवा दुरून देतो. घडीत ठेवलेले धोतराचे मऊ कापड घाम शोषते, पण ओले झाल्यावर तेच कापड ओलावा धरून ठेवते, म्हणून ते दिवसातून अनेकदा बदलावे लागते. टाल्कम पावडर घामात भिजून तिचे गोळे होतात, त्यामुळे ती आम्ही बंद केली. त्वचा अखंड असताना झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर उपयोगी पडतो. कूलरची हवा एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत सुखद असते, पण पाऊस सुरू झाल्यावर तोच कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये बुरशीचा त्रास वाढतो तो बहुतेक यामुळेच. त्या दिवसांत कूलरमध्ये पाणी न घालता नुसता पंखा चालवावा.

औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारी, स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे कृपया लावू नयेत. पहिले काही दिवस खाज थांबते, पण त्वचा पातळ होते, घडीत कायमचे वण पडतात आणि गजकर्ण अधिक चिवट होऊन परत येते. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी विक्री थांबलेली नाही. लाली पसरू लागली, जागा गरम व दुखरी झाली, पू किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील त्वचारोग विभागाचा बाह्यरुग्ण कक्ष याच परिसरात आहे.

दुकानाविषयी. दाराशी तीन उंच पायऱ्या आहेत आणि आतील वाट इतकी अरुंद आहे की ज्यांच्यासाठी या वस्तू आहेत त्यांनाच आत जाता येत नाही; ही मोठी त्रुटी आहे आणि मालकांना मी ती सांगितली. मात्र त्यांची वागणूक अत्यंत सभ्य होती. त्यांनी खुर्ची बाहेर आणली, ‘भाऊ, आधी बसून पाहा, मग बोलू’ असे म्हणाले, वजन माझ्याकडून बाजूला येऊन हळू आवाजात विचारले आणि स्वस्तातली खुर्ची दादाला चालणार नाही हे स्वतःहून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांचा कारागीर घरी येऊन पायांची उंची लावून गेला आणि जेटची जोडणीही करून गेला. फोन करताना माणसाचे वजन, बसल्यावर मांड्यांची एकूण रुंदी आणि बाथरूमच्या दाराची रुंदी ही तीन मापे हाताशी ठेवावीत. जुन्या फ्लॅटमध्ये ते दार दोन-सव्वादोन फुटांचे असते आणि मोठी खुर्ची दांड्या काढूनच आत न्यावी लागते.