मेनोपॉज क्लिनिक, बेळगाव: डॉक्टरीणबाईंना पाचपैकी पाच, बाकी कारभाराला अडीच

जानेवारीतली गोष्ट. खानापुरात दात वाजायची थंडी, नवरा वाकळीत गुरफटलेला आणि मी पहाटे तीनला पंखा पाचवर करून बसलेली. नणंद राहायला आली होती, ती उठून बघते तर म्हणते "काय करूलालीस गे वहिनी, देव बिव आला काय अंगात?" देव कुठला, पाळी जायची लक्षणं. छातीतनं एक वाफ उठते, तोंड लाल, धडधड, ब्लाऊज चिंब आणि पाच मिनिटांनी परत हुडहुडी. रात्रीत चार-पाच वेळा. सकाळी डोकं जड, आणि कुकरची एक शिट्टी जास्त झाली तरी डोळ्यात पाणी.

वय 49. एका डॉक्टरांनी कॅल्शियम आणि झोपेची गोळी दिली. त्याआधी अंगावरून जास्त जात होतं तेव्हा दुसऱ्या एकांनी तर सरळ सांगितलेलं, पिशवी काढून टाका, दोन मुलं झालीत की. आमच्या गल्लीत चौघींची काढलेली आहे, एकीची तर 38 व्या वर्षी. मी तिकडं परत फिरकलेच नाही. मध्ये ऑनलाइन हार्मोन बॅलन्सची पावडरपण मागवली, नऊशे रुपये, फायदा शून्य, तिच्यावर जास्त लिहायला नको.

तर हे बेळगावातलं क्लिनिक. नाव लिहीत नाही कारण तक्रारीपण करणार आहे. फक्त मंगळवारी दुपारी असतं. खानापूरहून बसनं गेले, आधार दाखवलं की झिरो तिकीट, 2023 पासून बायकांना फुकट आहे ते एक बरं, नाहीतर एवढ्या चकरांचा हिशेब घरात द्यावा लागला असता. फोनवर दोनची वेळ दिलेली, आत गेले पावणेचारला. आणि पेशंट सगळ्या वाफा येणाऱ्या बायका, पण हॉलमध्ये पंखा एकच, तोही रिसेप्शनवालीच्या डोक्यावर!

आधी फॉर्म भरायचा, 11 प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार मार्क. इंग्लिशमध्ये आहे, कन्नडात आहे, मराठीत नाही, बेळगावात. सिस्टर चांगल्या, मराठीत वाचून सांगत होत्या, पण एका पडद्याआड, आणि पडद्यापलीकडं बिलाची लाइन. झोप, चिडचिड, थकवा इथपर्यंत ठीक. आठवा प्रश्न नवराबायकोच्या संबंधांचा, दहावा खालच्या कोरडेपणाचा, आणि सिस्टरचा आवाज खणखणीत. पडदा अर्धवट, पलीकडं एक मामा पावती धरून उभे होते ते एकदम छताकडं बघायला लागले. मी दोन्हीला शून्य सांगून टाकलं. खोटं.

डॉक्टरीणबाई कन्नड, मराठी तोडकंमोडकं, पण पहिलाच प्रश्न "निद्दे बरुत्ता?" आणि मला तिथंच रडू आलं. इतक्या दिवसांत झोप लागते का असं कुणी विचारलंच नव्हतं, गोळी मात्र दिली होती. फॉर्म बघितला, उठून दार लावलं, ते दोन शून्य खोडले आणि परत विचारलं. पंचवीस मिनिटं दिली.

मी हार्मोनच्या टेस्टची जाडी फाईल नेलेली, ती बाजूला ठेवली. म्हणाल्या पंचेचाळिशीनंतर पाळी मागंपुढं होतेय आणि वाफा येतायत तर निदानाला या टेस्ट लागतच नाहीत, हार्मोन रोज वरखाली होतात. थायरॉइड मात्र बघितलं, कारण त्यातपण घाम आणि धडधड असते. वाफा का येतात तेपण सांगितलं, इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की मेंदूतला तापमानाचा काटा हळवा होतो, जराशी ऊब वाढली तरी शरीर घाम काढायला धावतं. पिशवीचं विचारलं तर म्हणाल्या नुसती पिशवी काढली तर पाळी थांबते, पण तिच्याबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर हेच सगळं एका दिवसात अंगावर येतं. गल्लीतल्या त्या 38 वालीचं तेव्हा कळलं मला. आणि माझी पाळी आठ महिने नाही म्हणजे अजून गेली असं धरायचं नाही, 12 महिने पूर्ण व्हावे लागतात, तोवर दिवस राहू शकतात, काळजी घ्या. नवऱ्याला हे सांगताना त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं.

बीपी आणि मॅमोग्राफी झाल्यावर इस्ट्रोजेनची जेल दिली, रोज दंडाला लावायची, आणि पिशवी आहे म्हणून तिच्या अस्तराला जपायला रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. कॅन्सरचं विचारलं तर उडवून लावलं नाही. 2002 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासानं सगळे घाबरले, त्यात दोन्ही हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांत 10,000 बायकांमागं वर्षाला 8 जणींना स्तनाचा कॅन्सर जास्त झाला, पण त्या बायकांचं सरासरी वय होतं 63. साठीच्या आत सुरू केलं तर बहुतेकींना फायदा जास्त, आणि कातडीतनं जाणाऱ्या जेलनं रक्ताच्या गुठळीची भीती गोळीपेक्षा कमी. ज्यांना स्तनाचा कॅन्सर किंवा गुठळी होऊन गेलीय त्यांना मात्र देत नाहीत, त्यामुळं माझं वाचून कुणी दुकानातनं आणू नका.

डाएटचा कागद मात्र हसण्यासारखा. ब्रोकोली, टोफू, अवोकाडो. खानापूरच्या बाजारात कोण विकतंय? नाचणी चालते का विचारलं तर म्हणाल्या उत्तम, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलीग्रामच्या आसपास कॅल्शियम. मग तेच छापा की ओ! जेलसाठी तीन मेडिकल फिरले, शेवटी मागवून घ्यावी लागली. पहिल्या महिन्यात थोडे रक्ताचे डाग पडले तेव्हा क्लिनिकचा फोन दोन दिवस कुणी उचलला नाही, हा राग अजून आहे. आता तीन महिने झाले, रात्री एखादी वाफ, झोप लागते. गुडघे दुखायचे ते दुखतातच.

निघताना बाईंनी एक बजावलेलं, पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी लगेच दाखवायचं. नणंदेला फोनवर सहज बोलले तर ती गप्पच झाली. मग हळूच म्हणाली, दिवाळीत दोन दिवस गेलं होतं, दोन वर्षांनी, मला वाटलं पाळीच परत आली. पुढच्या मंगळवारचा तिचा नंबर लावलाय. फॉर्म सिस्टरना देणार नाही, बाहेर जिन्यात बसून मीच तिला कानात वाचून दाखवणार.