काजव्याचा उजेड की रंगीत खूण: डीएनए वाचण्याच्या दोन पद्धती

डीएनएची नवी साखळी जुळत असतानाच प्रकाशाच्या साहाय्याने तिचा क्रम टिपायचा, हे तत्त्व दोन्ही पद्धतींत समान असले, तरी तो प्रकाश येतो कुठून, यात मूलभूत फरक आहे. स्टॉकहोममध्ये १९९० च्या दशकात विकसित झालेल्या पायरोसिक्वेन्सिंगमध्ये ए, टी, जी, सी ही न्यूक्लिओटाइड्स, म्हणजे डीएनएची ‘अक्षरे’, एकेक करून सोडली जातात. योग्य ते जोडले गेले की पायरोफॉस्फेट हा छोटा रेणू सुटतो, सल्फ्युरिलेज हे विकर त्यापासून एटीपी हा ऊर्जा पुरवणारा रेणू बनवते आणि काजव्यातील ल्युसिफरेज ते एटीपी वापरून उजेड पाडते. मात्र एकच अक्षर सलग आले की ती सारी अक्षरे एकदम जोडली जातात, आणि पाच-सहांच्या पुढे उजेडाच्या तीव्रतेवरून नेमकी संख्या ठरवणे अवघड होते.

केंब्रिजमधील रसायनशास्त्रज्ञ शंकर बालसुब्रमण्यम आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या पद्धतीत, जी पुढे इल्युमिना कंपनीकडे गेली, प्रत्येक न्यूक्लिओटाइडवर फ्लुओरेसंट रंग आणि पुढची जोडणी रोखणारा रासायनिक अडसर असतो. त्यामुळे एका फेरीत एकच अक्षर जोडले जाते, त्याची प्रतिमा टिपली जाते आणि मग रंग व अडसर दोन्ही काढले जातात. सलग अक्षरांचा घोळ इथे जवळजवळ उरत नाही.

संपूर्ण जीनोम किंवा विषाणूंची नवी रूपे वाचण्यासाठी ही इल्युमिनाची पद्धतच निवडावी. तरीही एखाद्या ठरावीक जागी मेथिलेशन (डीएनएवर मिथाइल गट जोडलेला असणे) किती टक्के आहे एवढेच मोजायचे असेल, तर पायरोसिक्वेन्सिंग मला आजही अधिक सोयीचे वाटते, कारण तिथे उजेडाची तीव्रता हेच थेट मोजमाप असते.