बोअरिंगचे पैसे घेतले आणि जुनेच पिस्टन पुन्हा बसवले

इंजिन निकामी झालेल्या गाडीचा मालक आधीच हवालदिल झालेला असतो. नवे इंजिन परवडत नाही, म्हणून "कमी खर्चात पूर्ण काम करून देतो" या शब्दांवर तो विसंबतो. नेमके हेच हेरून एका गॅरेजवाल्याने मला लुबाडले. ब्लॉकचे बोअरिंग (झिजलेले सिलिंडर आतून कापून मोठे करणे), त्यात बसणारे 0.50 मिमी ओव्हरसाइज म्हणजे मूळ मापापेक्षा मोठे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (झिजलेला क्रँकशाफ्ट घासून नीट करणे) आणि घासून बारीक झालेल्या क्रँकला जुळणारी अंडरसाइज बेअरिंग असे काम ठरले होते. ठरलेल्या रकमेपैकी 60 टक्के आगाऊ घेतले, ब्लॉक लेथवरून (बोअरिंग करणाऱ्या कारखान्यातून) आल्याचे सांगून 30 टक्के उकळले आणि उरलेले 10 टक्के गाडी ताब्यात देताना घेतले. पावती म्हणून मिळाली ती "इंजिन काम पूर्ण" एवढ्या एका ओळीची चिठ्ठी. लेथवाल्याचे बिल पाहिल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका.

सर्वात जास्त संताप येतो तो त्या लाल दिव्याचा. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, ऑइलचे प्रेशर नसल्याचे दाखवणारा हा दिवा लागलाच पाहिजे. तो लागला नाही. पण शेजारी उभा असलेला मेकॅनिक "बघा, दिवासुद्धा नाही, प्रेशर एक नंबर आहे" असे ठामपणे सांगत असताना सामान्य माणसाने शंका तरी का घ्यावी? प्रत्यक्षात हा दिवा लावणाऱ्या प्रेशर स्विचची वायर काढून ठेवली होती आणि इंजिनाच्या आतला ठोक्यांचा आवाज दबावा म्हणून जाड ऑइल भरले होते. ते तापून पातळ होताच खालून ठोके सुरू झाले.

दुसऱ्या मेकॅनिकने इंजिन खोलले तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर ओव्हरसाइजचा आकडा नव्हता, बेअरिंगच्या पाठीवर "एसटीडी" म्हणजे मूळ मापाची खूण होती आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाला नखाला अडणारी झिजेची कड तशीच होती. बोअर केलेल्या सिलिंडरमध्ये ती उरतच नाही. बदलल्या होत्या त्या फक्त पिस्टनवरच्या रिंगा. जुने पिस्टन हातात घेतल्याशिवाय गाडी नेऊ नका.

पोलिसांनी "हा दिवाणी वाद आहे" म्हणत तक्रार घेण्याचे टाळले. ग्राहक तक्रारीसाठी तपशीलवार बिल मागितले गेले, जे मला मुद्दामच दिले नव्हते. तज्ज्ञाने सांगितले की इंजिन न उघडलेल्या अवस्थेत आणायला हवे होते, तर गॅरेजवाला म्हणतो की दुसऱ्याने हात लावल्यामुळे त्याची जबाबदारी संपली. बंद इंजिनात काय बसवले आहे हे ते न उघडता कसे सिद्ध करायचे, याचे उत्तर एकाही अधिकाऱ्याने दिले नाही. प्रत्येकाने फक्त पुढच्या टेबलाकडे बोट दाखवले. इंजिन पुन्हा खोलावे लागलेच, तर आधी गॅरेजला लेखी कळवा आणि पहिला बोल्ट सैल करण्यापासून चित्रीकरण करा.