ब्रेक लाईटचा घोळ: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, स्कॅनर की सरळ नवा स्विच?

मागचा हॉर्न वाजवतो आणि हाताने खूण करून सांगतो, ब्रेक लाईट लागत नाही. जांबोटीहून पावसात चोर्ला घाटाकडे निघालेलं असताना, किंवा वंटमुरी घाटात भरलेला ट्रक पाठीशी असताना ही खूण झाली तर गाडी त्याच दिवशी बघायला हवी. कशाने बघायची, हा प्रश्न. साधा टेस्ट लॅम्प, व्होल्ट मोजणारा डिजिटल मल्टिमीटर, गाडीच्या कंट्रोल युनिटमधले बिघाडाचे कोड वाचणारा गॅरेजातला स्कॅनर, की काही न तपासता दुकानातून ब्रेक पेडलचा नवा स्विच आणून ठोकायचा?

आमचं मत आधीच सांगतो. साध्या वायरिंगच्या गाडीला, म्हणजे जिथे स्विच स्वतःच लाईट पेटवतो, टेस्ट लॅम्प पहिला. पुशबटणाच्या आणि ऑटोमॅटिक गाडीला मल्टिमीटर, आणि अडलंच तर स्कॅनर. न तपासता स्विच बदलणं ही वाट सोपी वाटते म्हणून सगळ्यात जास्त वापरली जाते, आणि तिच्यात चांगला स्विच भंगारात जाऊन दोष मात्र जागच्या जागी राहतो.

हत्यार उचलण्याआधी

स्विच पेडलच्या वरच्या टोकाशी, डॅशबोर्डखाली असतो. पाय नसताना पेडल स्विचची पिन दाबून धरतं. पिन आत असली की लाईट बंद, पिन बाहेर आली की चालू. हे उलटं गणित डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं तपासणं उलटंच होतं. करंटची वाट अशी: बॅटरी, फ्यूज, स्विच, मागे जाणारी वायर, होल्डर, बल्ब आणि शेवटी बॉडीचा अर्थ, म्हणजे बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट.

गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. संध्याकाळी भिंतीवरचा लाल उजेड आरशात दिसतो, मदतीला माणूस लागत नाही. पेडल दाबून ठेवायला सीट आणि पेडलच्या मध्ये काठी अडकवा.

खालच्या दोन आणि मागच्या काचेतली वरची, अशा तिन्ही लाईट एकदम गेल्या असतील तर संशय फ्यूज किंवा स्विचवर. वरची, काचेतली लागते आणि खालच्या दोन्ही नाहीत, तर साध्या वायरिंगच्या गाडीत स्विच निर्दोष सुटला. मग बल्ब, होल्डर किंवा अर्थ. दोन्ही बल्ब एकाच दिवशी कसे जातील, असं वाटतं. ते जात नाहीतच. एक महिन्यापूर्वी गेलेला असतो, दुसरा आज गेला म्हणून कळलं.

ब्रेक दाबल्यावर पार्किंग लाईट मंद होत असेल किंवा इंडिकेटर मिणमिणत असेल तर अर्थ धरा. परतीची वाट तुटली की करंट शेजारच्या फिलामेंटमधून वाट काढतो. आणि २१/५ वॅटचा दोन फिलामेंटचा बल्ब नुकताच बदलला असेल तर तो काढून बघा. त्याच्या बाजूच्या दोन खुंट्या मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. जोर लावून उलटा बसवला की पार्किंगला लख्ख आणि ब्रेकला मिणमिण, असा प्रकार होतो.

टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर, समोरासमोर

टेस्ट लॅम्प घरी बनतो: १२ व्होल्ट ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब, होल्डर, दोन मीटर वायर, एका टोकाला मगर क्लिप आणि दुसऱ्या टोकाला घासून टोकदार केलेला सायकलचा स्पोक. वापरण्याआधी बॅटरीच्या प्लसवर लावून तो स्वतः जळतो का, हे बघून घ्या. गेलेल्या बल्बाच्या टेस्ट लॅम्पने अख्खी गाडी मेलेली दिसते.

क्लिप बॉडीच्या रंग नसलेल्या बोल्टला लावा. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडी टोकं असतात, तिथे स्पोक टेकवा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज ठीक, एकीकडेच लागला तर उडालेला. बहुतेक गाड्यांत तो १० किंवा १५ अँपिअरचा असतो. झाकणावर लिहिलेल्या आकड्याचाच घाला. नवाही लगेच उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. डिकीच्या किंवा मागच्या दाराच्या बिजागरीजवळ, जिथे वायरचा गुच्छ दर वेळी वाकतो, तिथे आधी बघा.

पुढे स्विच. कपलर (वायरींचा प्लॅस्टिकचा जोड) न काढता पाठीमागून टोक घाला. दोन वायरच्या स्विचला एकीत कायम करंट हवा, दुसरीत पेडल दाबल्यावर. बहुतेक कारमध्ये हे चावी बंद असतानाही चालतं, काहींना चावी ऑन लागते. पहिल्या वायरमध्येच करंट नसेल तर दोष फ्यूज ते स्विच या तुकड्यात. पहिलीत आहे, पेडल दाबूनही दुसरीत नाही, तर स्विच गेला किंवा सरकला. दोन्हींत आहे आणि मागे लाईट नाही, तर डिकीकडे चला.

इथवर मल्टिमीटरही हेच सांगतो. फरक पडतो तो अर्धवट बिघाडात, आणि तिथे मीटर फसवतो. स्विचचे आतले कॉन्टॅक्ट जळून काळे झाले आहेत, त्यांनी १ ओहमचा अडथळा धरला आहे असं समजा. बल्ब काढून होल्डरवर मीटर लावलात तर तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण चांगला मीटर करंट जवळजवळ घेतच नाही. एकच तार शिल्लक असलेली वायरसुद्धा मीटरला ठणठणीत वाटते. आता २१ वॅटचे दोन बल्ब जोडा. त्यांना साडेतीन अँपिअर हवेत, पण त्या १ ओहमात अडीच व्होल्टच्या वर गळून जातात. बल्बांना जेमतेम ९ व्होल्ट मिळतात आणि उजेड निम्म्याहून खाली येतो. शिवाय त्या काळ्या कॉन्टॅक्टवर ७ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते, तीही करंगळीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत. म्हणूनच काढलेल्या स्विचचं तोंड कधी कधी तपकिरी, वितळून वाकडं झालेलं सापडतं. टेस्ट लॅम्प थोडा का होईना करंट ओढतो, त्यामुळे मोठा अडथळा मंद उजेडाने चुगली करतो, १ ओहमसारखा लहान मात्र त्यालाही सहसा कळत नाही. त्याहून खरं बघायचं तर होल्डरवर २१ वॅटचाच बल्ब लावून बघा.

मग मीटर कशाला? तर तोच मीटर योग्य जागी लावला की टेस्ट लॅम्पच्या पुढे जातो. बल्ब जागेवर, पेडल दाबलेलं, लाईट जळते आहे अशा वेळी स्विचच्या दोन वायरींवर दोन टोकं लावा. चांगला स्विच ०.२ व्होल्टच्या आत राहतो. अर्धा व्होल्ट दिसला तर त्याचे दिवस भरले. अर्थ तपासायला काळं टोक बॅटरीच्या मायनसवर, लाल टोक बल्बाच्या पितळी अंगावर. इथेही ०.२ च्या आत. जास्त आलं तर होल्डरचा अर्थ बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू उघडा करा, परत आवळा. खानापूरच्या पावसात चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या होल्डरमध्ये हिरवट थर जमतो. तो न काढता नवा बल्ब घातला तर आठवड्याने तेच.

टेस्ट लॅम्प कुठे चालवू नये, हेही पक्कं असू द्या. पिवळ्या वेष्टनाच्या वायरी एअरबॅगच्या, तिथे हात लावायचा नाही. नव्या गाड्यांत स्विच स्वतः लाईट पेटवत नाही, तो बॉडी कंट्रोल मॉड्यूलला फक्त इशारा देतो आणि मॉड्यूल लाईट पेटवतं. अशा बारीक सिग्नलच्या वायरीवर बल्ब लावणं म्हणजे त्या मॉड्यूलवर नाहक भार. तिथे मीटरच.

स्कॅनर कधी

गाडी स्वतःच काही सांगते आहे का, ते आधी ऐका. स्टार्ट बटण दाबून गाडी ब्रेक दाबा म्हणते, पाय तर पेडलवर आहे. किंवा ऑटोमॅटिकचा गिअर पार्कमधून सुटत नाही. किंवा क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप धरून ठेवणारी सोय) लागत नाही. यातलं एक आणि जोडीला तिन्ही ब्रेक लाईट बंद, तर स्विचवरचा संशय फुकटात पक्का होतो. त्यासाठी स्कॅनरचे पैसे देऊ नका.

स्कॅनरचा खरा उपयोग चार वायरच्या स्विचला आहे. त्यात दोन जोड्या असतात: पेडल दाबल्यावर एक जुळते, एक तुटते, आणि कंट्रोल युनिट दोघींची जबानी ताडून बघतं. लाईट नीट लागते पण दुसरी जोडी अडली, तर डोळ्यांना काही दिसत नाही, फक्त डॅशबोर्डवर इशारा उजळतो. स्कॅनरवर पी ०५०४ हा कोड आला म्हणजे दोन जोड्यांचं जमत नाही. पी ०५७१ आणि पी ०७०३ हेही ब्रेक स्विचच्या सर्किटचे. पण कोड सर्किटचा असतो, स्विचचा नव्हे. सैल कपलरही तोच कोड देतो. म्हणून मिस्त्रीला कोड वाचून थांबू देऊ नका. लाइव्ह डेटा (स्विचची त्या क्षणाची स्थिती दाखवणारा पडदा) उघडायला सांगा आणि पेडल हळूहळू दाबत दोन्ही स्थिती बदलताना बघा. साध्या गाडीतला गेलेला बल्ब किंवा गंजलेला होल्डर स्कॅनरला दिसतच नाही.

जुळवायचा की बदलायचा

लाईट सतत चालूच राहते, ही तक्रार वेगळी, आणि यातच सगळ्यात जास्त चांगले स्विच बदलले जातात. पेडलच्या पट्टीला एक भोक असतं, त्यात बटणाएवढा रबरी किंवा प्लॅस्टिकचा स्टॉपर बसवलेला असतो. स्विचची पिन त्यावर टेकते. उन्हाने आणि वयाने तो ठिसूळ होतो, तुकडे होऊन पडतो, आणि पिन थेट भोकात घुसते. पाय उचलला तरी पिन बाहेरच, लाईट चालूच. ड्रायव्हरच्या बाजूची मॅट झटकून बघा. बिस्किटाच्या चुऱ्यासारखे प्लॅस्टिकचे कण सापडले तर स्विच विकत घेऊ नका, स्टॉपर घ्या. तो मिळेपर्यंत छोटा बोल्ट आणि वॉशर त्या भोकात घट्ट आवळला तरी चालतं, मात्र आवळल्यावर पेडल पूर्ण मागे येतं ना ते बघा. रात्रभर असंच सोडलं तर साडेतीन अँपिअरने ३५ अँपिअर-तासाची बॅटरी सकाळी उठत नाही.

आट्याचा स्विच असेल तर नट सैल करून तो पुढेमागे करता येतो. पेडल सोडलेलं असताना स्विचचं आट्याचं टोक आणि स्टॉपर यांत बहुतेक गाड्यांना अर्धा ते एक मिलिमीटर फट लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकातला धरा. फार पुढे सरकवलात तर स्विच पेडलला पूर्ण मागे येऊ देत नाही, ब्रेक घासत राहतात आणि चाकं तापतात. फिरवून अडकवायच्या स्विचची तऱ्हा निराळी: पिन पूर्ण बाहेर ओढायची, पेडल दाबून धरायचं, स्विच घालून फिरवायचा, मग पेडल हळू सोडायचं, पिन स्वतः आपली लांबी ठरवते. यातले बरेचसे एकदाच जुळण्यासाठी बनवलेले असतात, म्हणून तपासायला काढलात तर नवा तयार ठेवा.

कंपनीचा की बाजारातला? दोन वायरच्या साध्या स्विचला नावाजलेल्या बनावटीचा बाजारातला चालतो. चार वायरच्याला कंपनीचाच घ्या. जोड्या जुळण्या-तुटण्याची वेळ थोडी चुकली तरी कोड परत येतो. आणि जुना हातात घेऊन जा. ‘अण्णा, ब्रेक स्विच द्या’ म्हटलं की काउंटरवर दुचाकीचाही येतो.

दुचाकीचं थोडक्यात: पुढच्या लिव्हरला एक, मागच्या पेडलला एक, असे दोन स्विच. एकाने लागते आणि दुसऱ्याने नाही, तर बल्ब-फ्यूज सोडून द्या. मागच्याची स्प्रिंग ताणून लांबलेली असते किंवा स्विच चिखलात अडकलेला असतो. जुळवताना स्विचचं अंग बोटांनी धरून नट फिरवा. अंगच फिरवलंत तर आतली वायर पिळून तुटते.

ऊसाच्या हंगामात चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर ट्रॉलीच्या लाईटसाठी ट्रॅक्टरच्याच ब्रेक वायरला जोड मारलेला सर्रास दिसतो. २१ वॅटचे आणखी दोन बल्ब म्हणजे भार सात अँपिअर, आणि स्विच एका हंगामात काळा. त्यापेक्षा रिले घाला, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू करणारी डबी. तिच्या टोकांना आकडे असतात: ८६ ला ट्रॅक्टरची ब्रेक लाईटची वायर, ८५ अर्थ, ३० ला बॅटरीचा प्लस १० अँपिअरच्या फ्यूजमधून, ८७ वरून ट्रॉलीकडे. फ्यूज बॅटरीच्या टोकापासून वीतभरात बसवा. ट्रॉलीजवळ बसवलात तर मधली वायर घासून बॉडीला लागल्यावर तो उडणार नाही, वायरच पेटेल.