राष्ट्र जोडणारी भाषा: जकार्ता, ढाका आणि आपली पहिलीची वर्गखोली

पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवावी का, हा प्रश्न 16 एप्रिल 2025 च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. 29 जूनला तो निर्णय मागे घेतल्याचे जाहीर झाले, तरी पुण्यातल्या पालकसभांमध्ये विषय निघतोच. एक पालक म्हणतो, देश एक तर भाषाही एक हवी. दुसरा म्हणतो, मराठीच्या मुळावर येणारी एकता आम्हाला नको. ज्यांचे मत अजून ठरलेले नाही, त्यांच्यासाठी या दोन्ही भूमिका जिथे प्रत्यक्ष आजमावल्या गेल्या, तिथल्या अनुभवावर मी पारखून पाहत आहे. त्याआधी एक खुलासा आवश्यक आहे. घटनेच्या कलम 343 नुसार देवनागरीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा हा दर्जा घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही.

समान भाषेच्या बाजूचा सर्वांत भक्कम दाखला इंडोनेशियाचा आहे. 28 ऑक्टोबर 1928 रोजी, ज्या शहराला आज जकार्ता म्हणतात तिथे, बेटाबेटांवरून आलेल्या तरुणांनी एक शपथ घेतली. सर्वांत मोठा समाज जावानीज बोलणाऱ्यांचा असूनही त्यांनी निवडली ती बंदरांमधल्या व्यापाराची मलय भाषा, आणि तिला ‘इंडोनेशियन’ हे नाव दिले. जावानीजमध्ये समोरच्या माणसाच्या पायरीप्रमाणे शब्दच बदलतात. मलयमध्ये तो भार कमी होता. शपथेची शब्दयोजनाही लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. पहिली दोन कलमे ‘एक मातृभूमी’ आणि ‘एक राष्ट्र’ म्हणतात, तिसरे मात्र ‘एक भाषा’ म्हणत नाही. ‘ऐक्याच्या भाषेचा’ मान राखू, एवढेच म्हणते. घरच्या भाषांना त्यात धक्का नव्हता.

पाकिस्तानचा अनुभव याच्या नेमका उलट आहे, पण त्याचे कारण वरवर दिसते ते नाही. उर्दूसुद्धा मलयसारखीच तिथे थोड्यांची मातृभाषा होती. पश्चिमेकडे पंजाबी, सिंधी, पश्तो बोलणारेच अधिक होते. फरक पडला तो निर्णयाच्या रीतीत. फेब्रुवारी 1948 मध्ये पूर्व बंगालचे प्रतिनिधी धीरेंद्रनाथ दत्त यांनी संविधान सभेत उर्दू-इंग्रजीबरोबर बंगालीलाही स्थान मागितले आणि ते नाकारले गेले, वास्तविक देशातील निम्म्याहून अधिक लोकांची भाषा बंगाली होती. मार्चमध्ये जीना यांनी ढाक्यात जाऊन राष्ट्रभाषा उर्दूच राहील असे बजावले. 21 फेब्रुवारी 1952 रोजी तिथे विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. 1956 च्या घटनेत बंगालीला मान्यता मिळाली, तोवर मने दुरावली होती, आणि 1971 मध्ये देशच दुभंगला.

म्हणजे इंडोनेशियात मोठ्या समाजाने आपण होऊन माघार घेतली, आणि पाकिस्तानात बहुसंख्यांना माघार घ्यायला सांगितले गेले. माझ्या मते सारा निवाडा इथेच आहे. त्याला पुष्टीही मिळते: हीच इंडोनेशियन भाषा 1975 नंतर लष्कराच्या पाठोपाठ पूर्व तिमोरमध्ये गेली, तिथल्या शाळांत रुजवली गेली, तरी 1999 च्या मतदानात तिथल्या लोकांनी वेगळे होणेच निवडले.

भारताने वेगळी वाट बरीचशी ठेचा खात शोधली. 1965 मध्ये इंग्रजी हटण्याच्या भीतीने मद्रास राज्य पेटले; राजभाषा कायद्यातील 1967 च्या दुरुस्तीने इंग्रजीचा वापर चालू राहण्याची हमी दिली, आणि ज्या द्रविड मुन्नेत्र कळघमने पूर्वी वेगळ्या देशाची मागणी केली होती, तो पक्ष त्याच वर्षी घटनेच्या चौकटीत राहून सत्तेवर आला. भाषावार प्रांतरचनेने देश फुटेल, ही भीतीही खरी ठरली नाही.

समान भाषेची गरज मात्र खोटी नाही. मार्केट यार्डात बिहारचा हमाल आणि जुन्नरचा शेतकरी हिंदीतच बोलतात, आणि ती हिंदी त्यांना कोणत्याही शासननिर्णयाने शिकवलेली नाही. आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी आजोबांचे राष्ट्रभाषा परीक्षेचे प्रमाणपत्र अजून जपून ठेवलेले आहे. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या वर्गाला जाऊन, स्वतःच्या हौसेने त्यांनी ते मिळवले. आणि हेच आजोबा पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. या दोन गोष्टींत त्यांना कधीही विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

2011 च्या जनगणनेत हिंदी मातृभाषा नोंदवणारे सुमारे 43.6 टक्के आणि मराठी नोंदवणारे सुमारे 6.9 टक्के होते. सक्ती झाली तर नवी भाषा शिकण्याचा भार धाकट्यावर पडतो आणि थोरला जागचा हलत नाही. हे जकार्त्याच्या शपथेच्या उलट आहे. म्हणून माझा कौल स्पष्ट आहे: पाचवीपासून हिंदी शिकवण्याची आपली जुनी रीत पुरेशी आहे, आणि पहिली ते चौथीचा वेळ मराठी वाचन-लेखन पक्के होण्यासाठी राखून ठेवावा. शाळेने मत विचारले, तर भाषेचे नाव घेण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: तिसऱ्या भाषेच्या तासिका कोणत्या विषयातून काढल्या जाणार, ती शिकवायला प्रशिक्षित शिक्षक आहे का, आणि हिंदीभाषक राज्यांतल्या मुलांनाही आपल्यासारखीच दुसऱ्या प्रांताची एखादी भाषा शिकवली जाणार आहे का.