८×४२ दुर्बीण: अलास्काच्या क्रूझपासून नांदूरमध्यमेश्वरपर्यंतचा अनुभव

हनिमूनला अलास्काच्या क्रूझवर निघालेल्या जोडप्यांना माझं एकच सांगणं आहे. केबिन साधी घ्या, पण दुर्बिणी दोन घ्या, एकीत भागवू नका. गेल्या जूनपासून आम्ही दोघं ८×४२ मापाच्या दोन दुर्बिणी वापरतोय, आधी जहाजावर आणि आल्यापासून नाशिकच्या आसपास. आता थंडी सरत आलीय, वापरही भरपूर झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण यातलं बहुतेक सगळं पंधरा-वीस हजारांच्या कुठल्याही चांगल्या वॉटरप्रूफ दुर्बिणीला लागू पडेल.

सल्ला माझ्या निफाडच्या मावसभावाचा. तो पक्ष्यांच्या मागे वेडा आहे. लग्नाच्या खरेदीच्या धामधुमीत तो म्हणाला, "ताई, बाल्कनीच्या केबिनवर जास्तीचे पैसे घालू नकोस. जनावर तुमच्याच बाजूला येईल असं थोडंच आहे? डेकवर उभं राहायचं आणि दोघांच्या गळ्यात दुर्बीण पाहिजे." जहाजावर त्याचं म्हणणं शब्दशः पटलं. बाल्कनीतून एकच बाजू दिसते, वरच्या डेकवरून दोन्ही.

दोन का, तर प्रत्येकाच्या डोळ्यांतलं अंतर वेगळं आणि नंबरही वेगळा. दुसऱ्याची दुर्बीण हातात आली की आधी ती डोळ्यांना बसवायची, मग उजव्या डोळ्याचा नंबर जुळवणारी डायॉप्टरची कडी फिरवायची, मग फोकस. तेवढ्यात देवमासा खाली गेलेला असतो. शिवाय दोघं एकाच वेळी एकच गोष्ट बघतोय यात जी मजा आहे ती "काय दिसतंय, सांग ना" यात नाही. आमची तिथे एक भाषाच तयार झाली होती: "काळ्या कड्याच्या डावीकडे, बर्फाच्या वर दोन बोटं."

८ की १०, हा प्रश्न सगळे विचारतात. ८×४२ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. १०×४२ मध्ये चित्र मोठं होतं, पण हाताची थरथरही तितकीच वाढते आणि दिसणारा पट्टा अरुंद होतो. हलत्या जहाजावर ८ च बरी. ४२ ला ८ ने भागलं की साधारण सव्वापाच मिलिमीटर येतात, डोळ्यात शिरणारी प्रकाशाची वर्तुळं तेवढी मोठी. जूनमध्ये तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, पण तो बऱ्याचदा ढगाळ, मंद असतो. तेव्हा हा फरक कळतो. आणखी एक, कठड्यावर कोपरं टेकू नका. इंजिनाची थरथर थेट दुर्बिणीत येते. कोपरं बरगड्यांना लावून उभं राहा.

आमचा मार्ग व्हँकूवरहून जाऊन-येऊन होता, त्यामुळे अमेरिकेचा आणि कॅनडाचा असे दोन्ही व्हिसा लागले. केचिकन, जुनो, स्कॅगवे ही गावं छान आहेत, पण दुर्बिणीचं खरं काम ग्लेशियर बे नॅशनल पार्कमध्ये. तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी क्रूझ जहाजं सोडतात. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीतून येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माईकवरून माहिती देतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकूवरच्या लोकांनी हा किनारा मोजला तेव्हा आजच्या खाडीच्या जागी जवळपास सगळा बर्फच होता. त्यानंतर हिमनदी सुमारे १०० किलोमीटर मागे हटली, म्हणजे नाशिकहून जवळजवळ मालेगावपर्यंत. त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून आपलं जहाज चाललेलं असतं. हूना त्लिंगित लोकांची ही मूळ भूमी, हेही रेंजरने आवर्जून सांगितलं.

साउथ मार्बल बेटाजवळ खडकांवर पहुडलेले समुद्रसिंह आणि पाण्यावर पफिन पक्षी दिसले. पुढे ग्लूमी नॉब नावाच्या कड्यावर नुसत्या डोळ्यांना चुन्याचे ठिपके वाटत होते. दुर्बिणीत बघितलं तर रानबकऱ्या, आणि एकीच्या पोटाशी लोकरीच्या गुंड्याएवढं पिल्लू. खाली सरळ पाणी होतं आणि ते पिल्लू वीतभर कपारीवरून उड्या मारत होतं. आमच्या शेजारचे कितीतरी लोक तो कडा न बघताच आत जेवायला गेले, याचं मला अजून वाईट वाटतं.

मार्जरी हिमनदीची भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आहे. दाबलेला बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो, म्हणून भेगांमध्ये तो निळा दिसतो. हा निळा फोटोत येत नाही, भिंगातून मात्र भेगेच्या आतपर्यंत दिसतो. तुकडा कोसळताना आधी काहीच ऐकू येत नाही. भिंतीच्या कडेवरून भुगा सुटतो, मग एक अख्खा सुळका सावकाश झुकतो, पाणी वर उसळतं, आणि त्यानंतर गडगडाट कानावर येतो. माझा नवरा एरवी फार बोलत नाही. त्या क्षणी त्याने दुर्बीण डोळ्यांवरून न काढता माझा हात धरला.

हंपबॅक देवमासे हिवाळ्यात हवाईकडे जातात आणि उन्हाळ्यात खायला इथे येतात. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते आणि अभ्यासक त्यावरून त्यांना ओळखतात. ती नक्षी मी स्वतः स्पष्ट पाहिली, ही माझ्या मते या दुर्बिणीची सगळ्यात मोठी पावती.

आता निगा. आतल्या नायट्रोजनमुळे भिंगाच्या आत धुकं धरत नाही, बाहेरून धरतंच. थंड डेकवरून उबदार केबिनमध्ये आलात की थोडा वेळ थांबा, पुसत बसू नका. खाऱ्या पाण्याचे तुषार वाळले तर आधी गोड्या पाण्याने धुवा, मगच मऊ कापड लावा. ओढणी किंवा टी-शर्ट अजिबात नाही. नाशिकचा पावसाळा बुरशीसाठी कुप्रसिद्ध, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेवल्या. आतापर्यंत दोन्हींची भिंगं स्वच्छ आहेत.

परत आल्यावर त्या कपाटात पडून राहतील असं घरच्यांना वाटलं होतं. उलट आता रविवारी कोण घेऊन जाणार यावरून घरात ओढाताण असते. नाशिकजवळचं नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, २०२० मध्ये जाहीर झालेली. तिथे चापडगावच्या बाजूने हळदीकुंकू बदकाच्या चोचीवरचा पिवळा शेंडा आणि लाल ठिपका लख्ख दिसतो. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या आता सासूबाईही ओळखतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना लांबचं बघायची फार हौस आली आहे. अंजनेरीच्या कड्यांवरची गिधाडं थंडीत घरट्यांवर असतात, जवळ जाणं बरोबर नाही. गुरांना देण्याच्या, पण ती मेलेली गुरं खाणाऱ्या गिधाडांना मारक ठरलेल्या डायक्लोफिनॅक या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तोवर देशभरातली बहुतेक गिधाडं गेली होती. उरलेली लांबूनच बघावीत, आणि त्यासाठी ८ पट पुरते.

तक्रारी आहेत. सोबत आलेला गळ्याचा पट्टा बारीक असल्याने मान दुखते. आम्ही छातीवरून बांधायचे पट्टे वेगळे घेतले, तेच सुरुवातीपासून घ्या. पुढच्या भिंगांची झाकणं सैल आहेत, माझं एक स्कॅगवेला पडून हरवलं. नवऱ्याच्या दुर्बिणीचा डावा आयकप (डोळ्याला टेकणारी रबरी कडी) आता फिरवल्यावर जागेवर राहत नाही, आणि दुकानदाराने दुरुस्तीसाठी नुसतं ताटकळत ठेवलं आहे.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे पूर्ण चित्र दिसण्यासाठी डोळा मागच्या भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर, किमान १६ मिलिमीटर आहे का ते बघा. दुकानात चष्मा लावूनच डोळ्याला लावा, दाराबाहेर येऊन लांबच्या पाटीवर फोकस करा, आणि चित्राच्या कडेला काळी सावली आली तर ती दुर्बीण घेऊ नका.