मीटर गुडघ्याखाली, कोटेशन डोक्यावर: समा भागात माझे २,४६,००० रुपये कसे गेले

दोन लाख सेहेचाळीस हजार. घराच्या बाहेरच्या भिंतीचे पत्रे बदलून देतो म्हणून एका ठेकेदारानं नेले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण ओळखीत कुणी विचारलं की आम्ही आजवर ‘गेले थोडेफार’ म्हणत आलो. थोडेफार नाहीत. ११,००० टोकन म्हणून यूपीआयवर, १,४०,००० बँकेतून, ७५,००० माल उतरला त्या दिवशी रोख, आणि २०,००० रोख ‘उद्या रविवार, लेबरचा पगार करायचाय मावशी’ म्हणून. पावती फक्त पहिल्या दोन रकमांची. ते १,४०,००० सुद्धा फर्मच्या नाही, कुठल्याशा बाईच्या सेव्हिंग खात्यात. ‘वहिनीच्या नावावर आहे, टॅक्सचं जरा बघावं लागतं.’ वहिनी!

आमचं टेनामेंट बडोद्याच्या समा भागात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाणी होतं. बडोदेकरांना जास्त सांगायला नको. पाणी ओसरलं, चिखल काढला, आणि भिंतींवर कमरेच्या जरा खाली एक पट्टा राहिला. दिवाळीपर्यंत त्या पट्ट्याला पांढरा खार फुटला, बोट लावलं की पीठ पडायचं. शिवाय वरच्या मजल्यावर, समोरच्या बेडरूमच्या भिंतीला, छताजवळ एक ओला डाग होता. त्याचा पुराशी काही संबंध नव्हता, तो आधीच्या पावसाळ्यापासून होता. त्या भिंतीच्या बाहेरून २०१२ साली बसवलेली एसीपी, म्हणजे शोभेचे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पत्रे, विटकरी आणि करडी. रंग उडाला होता, हे खरं. पण एक पत्रा हलत नव्हता.

पुरानंतर गल्लीगल्लीत कोण कोण फिरत होतं ते तुम्ही पाहिलंच असेल. वॉटरप्रूफिंगवाले, उधईवाले, ‘फ्री इन्स्पेक्शन’वाले. मी तिघांना दारातून घालवलं होतं. हा चौथा मराठीत बोलला, तिथेच सगळं फिरलं. दांडिया बाजारात वडिलोपार्जित घर, आजोबा सयाजीरावांच्या राज्यात कारकून, लहानपणी गणेशोत्सवात नाटकात काम केलेलं. चपला बाहेर काढून आत आला, ह्यांच्या पाया पडला. ह्यांची तेव्हा नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली. मुलगा पुण्याहून फोनवर, ‘आई, एकदाचं करून टाक, दरवर्षी तेच नको.’ मी एकतीस वर्षं बँकेत काढली, सह्या ताडून बघणं हेच माझं काम. मला कुणी भोळी म्हणू नये. गुजरातीत बोलणाऱ्याला मी दहा प्रश्न विचारले असते. याला पोहे दिले.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी हाच बघत असते.

त्यानं बॅगेतून पिवळं यंत्र काढलं. पुढे दोन टोकदार पिना. आधी स्वतःच्या अंगठ्यावर टेकवून दाखवलं, ‘बघा, चालू आहे ना?’ यंत्र ओरडलं. मग ओट्याजवळच्या भिंतीवर, बरोबर त्या पांढऱ्या पट्ट्यात. ओरडलं. दोन हात पलीकडे, पुन्हा पट्ट्यातच. ओरडलं. बाजूच्या गल्लीत गेला, वाकला, गुडघ्याखाली टोचलं, ओरडलं. प्रत्येक वेळी मला आकडा दाखवायचा आणि मान हलवायचा, डॉक्टर रिपोर्ट बघून हलवतात तशी. ‘मावशी, भिंत आतून खलास झालीये.’

आणि कोटेशन कशाचं? वरच्या एसीपीचं. आठ फुटांच्या वर. तिथे त्यानं एकदाही मीटर लावलं नाही. लावणार कसं, मेल्यानं शिडीच आणली नव्हती! माझी घोडीची शिडी जिन्याखाली उभी होती, ती मागितलीसुद्धा नाही. मी तिथेच उभी होते, हातात पाण्याचा पेला घेऊन.

वर हात पोचला तिथे खालच्या पत्र्यावर बोटानं टकटक केलं. ‘ऐका, पोकळ वाजतंय.’ एसीपी पोकळच वाजणार! पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फ्रेम असते, मध्ये मोकळी जागा असते. पोकळ वाजणं हा दोष असतो प्लास्टरचा. नाण्यानं किंवा छोट्या हातोडीनं ठोकल्यावर प्लास्टर बोदं वाजलं, तर त्यानं विटा सोडल्यात असं समजायचं, आणि तेसुद्धा जेवढ्या भागात बोदं वाजेल तेवढंच काढायचं. हे मला आता माहीत आहे. तसंच हेही, की पिनांची ती मीटरं मुळात लाकडासाठी आखलेली असतात. ती ओल मोजत नाहीत, दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजतात. खार असलेल्या भिंतीतून ती जरा जास्तच सहज जाते, म्हणून पुराच्या पट्ट्यावर यंत्र बोंबलणारच, भिंत वाळत आली असली तरी. अंगठ्यावर का ओरडलं, त्याचं उत्तरही हेच.

कोटेशन असं होतं: एसीपी ६२० चौरस फूट, २९० रुपयांनी १,७९,८००. जुनं काढून मागचं प्लास्टर नव्यानं, ६५ रुपयांनी ४०,३००. एकूण २,२०,१००, त्यावर १८ टक्के जीएसटी ३९,६१८. झाले २,५९,७१८. ‘आपल्या माणसाला’ म्हणून १,७१८ रुपये सोडले आणि २,५८,००० वर हात मिळवला.

६२० हा आकडाही खोटा निघाला. नंतर भाच्यानं टेप लावली तर खिडक्या वजा करून ४७८ भरले. १४२ फूट हवेचे. दोन्ही दरांनी हिशेब केला तर त्या हवेचेच ५०,४१० रुपये, जीएसटी वेगळा. टेपचं दुसरं टोक स्वतः धरा, आणि खिडकी-दरवाजा वजा केला का ते कागदावर लिहून घ्या.

डिसेंबरमध्ये काम झालं. झालं म्हणजे उरकलं. जुने पत्रे आणि जुनी ॲल्युमिनियमची फ्रेम पहिल्याच दिवशी टेम्पोत भरून गेली, ‘डेब्री उचलायचे पैसे लावत नाही’ म्हणून. ॲल्युमिनियम भंगारात काय भावानं जातं ते विचारून बघा कधी, मग कळेल उपकार कुणी कुणावर केले. नवी फ्रेम लोखंडी पाइपची, तिला एक हात लाल प्रायमर, तोही पुढच्या बाजूनं. नवे पत्रे आले ते वरची फिल्म काढूनच आले. ती फिल्म बसवून झाल्यावर काढायची असते. तिच्यावर कंपनीचं नाव असतं आणि बाणही असतात, सगळे पत्रे एकाच दिशेनं लागावेत म्हणून. फिल्म नाही म्हणजे नाव नाही. मागच्या प्लास्टरला हात लावलाच नाही. ४०,३०० मात्र बिलात आहेत.

कोटेशनमध्ये लिहिलं होतं चार मिलिमीटर, पीव्हीडीएफ कोटिंग. बाहेरच्या भिंतीला पीव्हीडीएफच लागतं, ते उन्हात टिकतं. साधं पॉलिएस्टर कोटिंग दुकानाच्या आतल्या कामाचं. शेजाऱ्यांच्या मुलाचं मकरपुरा जीआयडीसीत वर्कशॉप आहे, त्यानं उरलेल्या तुकड्याला जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. तीन मिलिमीटर. कोटिंग कुठलं होतं ते सांगायला व्हर्नियर लागला नाही, पश्चिमेकडचे पत्रे पहिल्याच उन्हाळ्यात फिके पडले.

२०२५ चा पहिला मोठा पाऊस झाला आणि बेडरूमचा तो डाग जिथे होता तिथेच पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा. शिवाय नव्या पत्र्यांच्या सांध्यांतून गंजाचे ओघळ. फोन केला तर ‘मावशी, सुरतेला आहे.’ मग ‘आईला ॲडमिट केलंय.’ मग फोन बंद. उरलेले १२,००० घ्यायला तो कधीच आला नाही. बारा हजार सोडून देणं परवडलं, म्हणजे बघा त्याला किती सुटले असतील.

शेवटी एका म्हाताऱ्या कडियाला, म्हणजे गवंड्याला, बोलावलं. तो आला तोच शिडी घेऊन, आणि भिंतीकडे न बघता थेट गच्चीवर गेला. पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, वरच्या कोपिंगला (माथ्यावरच्या थराला) या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर. पावसाच्या पाइपचं तोंड पानांनी आणि कबुतराच्या काड्यांनी बुजलेलं. पाणी गच्चीवर साचायचं, चिरेतून भिंतीत उतरायचं, आणि छताजवळ बाहेर यायचं. ‘बेन, आ पतरानो वांक ज नथी.’ पत्र्याचा दोषच नव्हता. कोपिंग फोडून नवीन, उतार आतल्या बाजूला, खाली टपक (पाणी भिंतीवर न ओघळता गळून पडावं म्हणून), पाइप साफ, त्याच्या तोंडाला जाळी. ६,५०० रुपये, मजुरी आणि माल धरून. डाग वाळला. बाहेरचा पत्रा हा घराचा झगा आहे, पाणी अडवायचं काम मागच्या भिंतीचं आणि वरच्या कोपिंगचं, हे तो चहा पिता पिता सांगून गेला. जुन्या एसीपीचं काय करायला हवं होतं तेही त्यानंच सांगितलं: सांध्यांतलं कडक झालेलं सिलिकॉन खरवडून नवीन वेदर सिलिकॉन भरायचं, बस. पत्र्याचे पापुद्रे सुटले, फुगले, फ्रेम हलायला लागली किंवा कुजली, तर बदला. रंग उडाला म्हणून कुणी पत्रा बदलत नाही, आणि बदलायचाच असेल तर ती हौस आहे, दुरुस्ती नव्हे.

आता आपल्या साहेबलोकांबद्दल.

चौकीत गेले. ‘बेन, आ तो सिविल मॅटर छे.’ मी म्हटलं, चार मिलिमीटरचे पैसे घेऊन तीन दिलं, केलं नाही त्या प्लास्टरचे ४०,३०० घेतले, बिलावरचा जीएसटी नंबर रद्द झालेला, हे सिविल कसं? काम बिघडलं तर सिविल, मान्य. पण पहिल्या दिवसापासूनच बुडवायचं ठरवलेलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ कशासाठी आहे? साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरून आणलंय. ‘अरजी आपी जाओ.’ अरजी दिली. त्यावर शिक्का मागितला तर ‘शिक्कावाळा भाई जमवा गया छे.’ जेवून आले तेव्हा शिक्का मोठ्या साहेबांच्या कपाटात. पुढच्या खेपेला कळलं की आरोपीचा पत्ता दुसऱ्या हद्दीतला आहे, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, गुन्हा घडला तुमच्या घरी, इकडे का आलात? म्हणजे माझे पैसे दोन हद्दींच्या मधल्या रस्त्यावर चोरीला गेले असणार. एक तरुण हवालदार तेवढा बरा होता, तो म्हणाला, ‘मासी, वकील करो.’ आणि हो, ‘तुम्ही शिकलेल्या आहात, असं कसं केलंत?’ हे प्रत्येक टेबलावर. मला काही विचारण्याआधीच. चोराला कुणी असं विचारतं का, तू इतका हुशार, असं कसं केलंस?

बँकेनं, माझ्या आयुष्यभराच्या बँकेनं, सांगितलं की तुम्ही स्वतः पाठवलेत, आम्ही खातं अडवू शकत नाही. एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. मोबाइलवर नंबर आला. मग मेसेज आला की तक्रार निकाली निघाली. निकाली! माझ्याशी एक शब्द न बोलता. ऑनलाइन फसवणुकीवाल्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माणूस घरी येऊन समोरासमोर घेऊन गेला, हे आमच्यात बसत नाही. म्हणजे चोरानं पाया पडून पैसे नेले तर त्याला खातंच नाही.

जीएसटी नंबरचं लिहायचं राहिलं. गुजरातचा नंबर २४ नं सुरू होतो. माझ्या बिलावर २७ होतं, म्हणजे महाराष्ट्र, आणि फर्मचा पत्ता बडोद्याचा. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की नाव आणि स्थिती दोन्ही दिसतात, लॉगिनसुद्धा लागत नाही. टोकन देण्याआधी टाका. माझ्यासारखं सात महिन्यांनी नको. त्या ३९,६१८ मधला एक रुपया सरकारला गेला नाही, आणि सरकारला त्याचं काहीच वाटत नाही हेही मी बघून आले.

ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं आपण राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे, चौक्यांचे उंबरठे झिजवताना ती संपत असते हे विसरू नका. माझी पहिली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आली. व्हॉट्सॲपवरचं बोलणं, कोटेशनचा फोटो, एसीपीचा उरलेला तुकडा, सगळं जपलंय. तुकडा तर कपाटात दागिन्यांशेजारी ठेवलाय. काढलेला जुना माल माझा, असं कोटेशनवर लिहून घेतलं असतं तर जुने पत्रेही पुराव्याला असते.

हाच माणूस समा, कारेलीबाग, हरणी किंवा निझामपुऱ्यात कुणाकडे येऊन गेला असेल तर मला कळवा. वय चाळिशीच्या आसपास, पिवळं मीटर, स्वच्छ मराठी, आजोबा सयाजीरावांच्या राज्यात कारकून. बिलावर २७ नं सुरू होणारा नंबर आहे का तेवढं बघा. एकाच माणसानं अनेकांना एकाच तऱ्हेनं बुडवलं असेल तर आयोगाच्या परवानगीनं सगळ्यांची मिळून एक तक्रार करता येते, आणि चौकीत पाच जण एकदम उभे राहिले की ‘सिविल मॅटर’ म्हणायला साहेबांनाही जरा जड जाईल. लाज वाटतेय म्हणून गप्प बसला असाल तर मला खासगीत लिहा, नाव बाहेर जाणार नाही.